उन्हाळी सेटिंग

आखाजी उरकली की माझ्या दुकानातल्या तक्रारींचा सूर बदलतो. एरवी प्रिंटर कागद ओढत नाही, टॅलीचा डेटा उघडत नाही, विंडोज सुरूच होत नाही, असली गाऱ्हाणी असतात आणि ती घेऊन मोठी माणसं येतात. मेमध्ये पोरं येतात. परीक्षा संपलेली असते. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलेलं कॅबिनेट काउंटरवर टेकवत एक जण म्हणतो, "दादा, गेम चालू केली का पीसी लय तापू राहिला. मग बंदच होऊन जातो."

नाशिक जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला द्राक्षं आणि गुलाबी थंडी आठवते. माझं नांदगाव त्या नाशकात बसत नाही. मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव पर्जन्यछायेतलं आहे. इथे कांदा, मका आणि कापूस पिकतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. लेंडी आणि शाकंबरी या दोन नद्या गावातून जातात, पण मेमध्ये त्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा धूळच जास्त. या गावात गेमिंगचा पीसी चालवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी तो पीसी बनवला त्यांना ठाऊक नसतं. जे त्याची परीक्षा घेऊन व्हिडिओ टाकतात त्यांनाही नसतं. त्यांच्या खोलीत एसी असतो आणि तापमान वीस-बावीस अंश. प्रोसेसर त्यांच्याकडे ७२ अंशांवर थांबला म्हणजे तो खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापला. हे ५० अंश महत्त्वाचे, ७२ नव्हेत. तोच प्रोसेसर, तोच पंखा आमच्याकडच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत ठेवला की आकडा जातो ९२ वर. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं.

म्हणून माझ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, ब्लोअर, ब्रश आणि थर्मल पेस्टच्या जोडीला भिंतीवर टांगायचा एक साधा थर्मामीटर असतो. कोणाच्या घरी गेलो की आधी तो बाहेर काढतो. लोक हसतात. "मशीन दाखवायला बोलावलं आणि हा खोलीचा ताप बघतोय," असं एका बाईंनी माझ्यासमोरच शेजारणीला सांगितलं होतं.

गेल्या काही वर्षांतलं एक काम मनात राहिलंय ते नस्तनपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मळ्यातलं. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. वडिलांना गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. कांद्याचे पैसे बरे आले त्या वर्षी त्यांनी पोराला पीसी बांधून दिला होता : इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, आरटीएक्स ३०६० कार्ड, समोर सबंध काच असलेलं आणि आत रंगीत दिवे फिरणारं कॅबिनेट. तो पीसी माझ्याआधी दुसरीकडे जाऊन आला होता. तिथे विंडोज नव्याने टाकलं गेलं, मग एसएमपीएस बदलला गेला. दोन्हींचे पैसे गेले आणि दुखणं जिथल्या तिथे राहिलं. आप्पांचं निदान तयार होतं. मी चप्पल काढतोय तोवर ते म्हणाले, "तुम्हीच सांगा याला. गेम खेळल्यानेच मशीन खराब होतं ना?"

या प्रश्नाने मी दर उन्हाळ्यात अडचणीत येतो. बापाला माझ्याकडून साक्ष हवी असते. पोरगा माझ्याकडे बघत असतो. होय म्हटलं तर घरात शांतता होते, चहा येतो, पण ते खोटं असतं. गेमने मशीन खराब होत नाही. गेम मशीनकडून पूर्ण काम करून घेते, एवढंच. लग्नाचा व्हिडिओ एडिट करून रेंडरला लावला तरी तो प्रोसेसर तसाच तापेल, आणि तेव्हा कोणी व्हिडिओला दोष देत नाही. भिंतीतल्या सॉकेटमधून मशीन जेवढी वीज घेतं, ती जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. आरटीएक्स ३०६० एकटंच भरात १७० वॅट घेतं. प्रोसेसर आणि बाकीचं धरून तीनशेच्या आसपास जातं. बंद खोलीत तीनशे वॅटचा हीटर तासन्‌तास चालू ठेवला आणि वर पत्र्याचं छप्पर असलं तर जे होईल तेच होतं. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांचा चेहरा थोडा पडला, पण चहा आला.

मशीन उघडायच्या आधी मी विचारपूस करतो. बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? गेम अडखळायला लागते, की चित्र गोठतं, की निळा पडदा येतो, की दिवा जावा तसा सगळा अंधार होतो? यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे, आणि "तापून बंद पडतो" या तीन शब्दांत लोक ती सगळी कोंबतात. आजचे प्रोसेसर एवढे भोळे नाहीत. इंटेलच्या या पिढीची मर्यादा १०० अंशांची आहे. ती जवळ आली की चिप स्वतःचा वेग उतरवते, कमी वीज घेते, आणि तशीच रखडत चालत राहते. कार्डाचंही तेच, आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ९३ अंशांची सीमा सांगितली आहे. म्हणजे उष्णतेचं पहिलं लक्षण हे की गेम तुटक चालते. फटकन अंधार झाला तर मी आधी विजेकडे बघतो.

मुलगा म्हणाला, दोन्ही होतं. दुपारी गेम तुटक चालते. संध्याकाळी सात-आठनंतर एकदम बंद. मी विचारलं, बंद होण्याआधी काही आवाज? त्याला माहीत नव्हतं, कानावर हेडफोन. दाराशी लसूण सोलत बसलेल्या आजी बोलल्या, "टीं टीं करतंय ना ते खालचं डबडं. मी रोज ऐकते. कोणी इचारलंच नाही."

खालचं डबडं म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा. डब्यावर ६०० लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं सहाशे वॅट झेपतील, पण या आकाराच्या बहुतेक यूपीएसची खरी ताकद ३६० वॅटची असते, आणि तीही बॅटरी नवी असताना. गेम भरात असताना हे मशीन आणि मॉनिटर मिळून त्या हद्दीला टेकत होते. मळ्यावर संध्याकाळी आसपासच्या विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळायचं. मल्टीमीटर लावून ठेवला तर काटा दीडशेच्या घरात येत होता. तेवढ्या खाली गेलं की यूपीएस लाइन सोडून बॅटरीवर जायचा, थकलेल्या बॅटरीला ओझं पेलायचं नाही, दोन-चार वेळा टीं टीं करून तो हात वर करायचा. एसएमपीएस बदलणाऱ्याने मशीन दुकानात नेऊन तपासलं होतं, यूपीएस घरीच राहिला होता. दुकानात मशीन छान चाललं असणार.

त्या दिवशी यूपीएस बाजूला काढला, दुपारच्या बऱ्या व्होल्टेजवर मशीन थेट सॉकेटला जोडलं आणि गेम सुरू करायला सांगितली. बंद पडलं नाही. एक दुखणं वेगळं झालं. उरलं ते खरं तापणं.

खोलीत थर्मामीटर ३९ दाखवत होता. एचडब्ल्यूमॉनिटर लावून गेम चालू ठेवली. प्रोसेसर ९७, कार्ड ८६. आता माझी आवडती तपासणी, हिला पैसे लागत नाहीत. कॅबिनेटच्या मागे, जिथून हवा बाहेर पडते तिथे, तळहात धरायचा. चिप शंभरीला टेकलेली आहे आणि मागून येणारी हवा कोमटच लागतेय, तर उष्णता चिपवरून हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. पेस्ट वाळलेली असते, कूलर नीट बसलेला नसतो. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात, मालेगावहून किंवा मनमाडहून मोटरसायकलवर हिसके खात आलेल्या मशीनची एक खिट्टी हमखास सुटलेली सापडते. कूलर वरून बसल्यासारखा दिसतो, बोटाने हलवला की कळतं. काही वेळा बाहेरून विकत घेतलेल्या कूलरच्या तळाचा पारदर्शक कागदच काढलेला नसतो, त्यावर पेस्ट लावून तो तसाच बसवलेला असतो. असं मशीन वर्षभर चाललेलंही मी पाहिलंय. याउलट मागची हवा हाताला चटका देण्याइतकी गरम असेल, तर कूलर त्याचं काम करतोय. घोटाळा हवेच्या येण्या-जाण्यात आहे.

इथे हवा चटका देत होती. मग कॅबिनेटची बाजूची काच काढली आणि तशीच गेम चालू ठेवली. थोड्या वेळात प्रोसेसर ८४ वर आला, कार्ड ७७ वर. काच काढून एवढा फरक पडतो याचा अर्थ एकच, कॅबिनेटला श्वास घ्यायला जागा नाही. समोर सबंध काच, तिच्यामागे तीन पंखे, आणि त्या पंख्यांना हवा घ्यायला कडेला बोटभर फट. वर हे सगळं टेबलाच्या लाकडी खणात घुसवलेलं, मागची फळी भिंतीला चिकटलेली. बाहेर पडलेली गरम हवा तिथेच फिरून पुन्हा आत जात होती.

आप्पा इतका वेळ दारात उभे होते. ते पुढे आले, वाकले, कॅबिनेटच्या खाली हात घालून म्हणाले, "याला खालून वारा कुठाय?" नंतर पोराकडे वळून, "आपली चाळ बांधली तेव्हा तूच विटा दिल्या ना हातात? खाली दोन फूट मोकळं का सोडलं? बाजूला फटी का सोडल्या? चाळीला समोरून काच लावली असती तर कांदा राहिला असता का?" इतक्या वर्षांत मी शंभर गिऱ्हाइकांना शंभर प्रकारे जे समजावत आलो ते या माणसाने चार वाक्यांत सांगितलं. कांदा चाळीचं सगळं शास्त्र हेच आहे. खालून गार हवा शिरली पाहिजे, ढिगातून वर निघून गेली पाहिजे, ढीग फार उंच नको, चाळ फार रुंद नको, नाहीतर मधला माल तापतो आणि सडतो. त्या दिवसापासून मळ्यावरच्या गिऱ्हाइकांना मी चाळच सांगतो, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

कॅबिनेट खणातून बाहेर आलं, भिंतीपासून हातभर पुढे आलं, दोन विटांवर बसलं. मग ते उघडलं, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, जी आमच्या भागातल्या बहुतेक मशीनमध्ये दिसते. हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ भुरभुरीत नव्हती, थापलेली होती. खोलीत पाण्याचा कूलर होता आणि त्याचा झोत नेमका कॅबिनेटवर. पोराचा विचार सरळ होता, गार वारा थेट मशीनलाच द्यावा. आमच्याकडची मेची हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं काम करतो, खोली सहज आठ-दहा अंशांनी उतरवतो. पण त्याच्या झोतात दमटपणा असतो. आमचं बोअरचं पाणी क्षारांचं असतं. रस्त्याची धूळ, तो ओलावा आणि तो क्षार मिळून पात्यांवर थर बसतो, वाळतो, परत बसतो. ब्लोअरच्या नुसत्या वाऱ्याने तो निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. कुठे कुठे मदरबोर्डच्या जोडण्यांवर हिरवट गंजही चढलेला सापडतो. त्यात खिडकी बंद असते, "गारवा बाहेर जातो" म्हणून. खिडकी बंद केली की खोलीत दमटपणा साचतो, कूलरचं पाणी उडेनासं होतं, आणि तासाभरात तो नुसता पंखा उरतो. खिडकी उघडी ठेवा आणि झोत माणसावर घ्या. कॅबिनेटवर नको.

धुळीचं सांगायचं तर प्रत्येक धंद्याची धूळ वेगळी. कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरचं कॅबिनेट उघडलं की पुढच्या जाळीला लाल पापुद्रे चिकटलेले असतात, पंख्याने आत ओढलेले. पिठाच्या गिरणीजवळचं मशीन आतून पांढरं. कापड दुकानातल्या मशीनमध्ये कापसासारखी लव. एसएमपीएसमध्ये पालीचं अंडं सापडणं याचं आता मलाही काही वाटत नाही. स्वच्छ करताना एकच काळजी मी आवर्जून घेतो, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतो. सोडलं तर ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जातं. ही गोष्ट घरी साफसफाई करणाऱ्या पोरांना सांगायला हवी, कारण त्यांना तो पंखा भिरभिरताना बघायला फार आवडतं.

मी या कामात आलो तेव्हा पेन्टियम फोरचे दिवस होते आणि भारनियमनाचेही. गेम खेळायला घरी पीसी नसायचे, पोरं सायबर कॅफेत यायची, व्हाइस सिटी आणि काउंटर-स्ट्राइक खेळायची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालू, छताचे पंखे बंद. त्या खोलीत माणसंही तापायची. त्यातच २००४ मध्ये इंटेलने नव्या बनावटीचा पेन्टियम फोर आणला, प्रेस्कॉट नावाचा. चिपवरचे भाग आधीपेक्षा लहान केले होते, त्यामुळे ती गार चालेल अशी सगळ्यांची अपेक्षा. निघाली उलटी, आधीच्यापेक्षा जास्त तापणारी. मशीनचा वेग वाढवत नेण्याची जी शर्यत तेव्हा चालली होती ती या उष्णतेपाशी अडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने ४ गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम फोर रद्द केला, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत चक्क गुडघे टेकून क्षमा मागितली. एकाच चिपमध्ये दोन, चार, सहा कोअर घालायची रीत रुळली ती यानंतर. आमच्याकडे कोणी गुडघे टेकले नाहीत. आम्ही कॅबिनेटची बाजू काढून त्यावर टेबल फॅन लावला आणि कॅफे चालू ठेवला. ते दिसायला वाईट होतं, पण चालत होतं.

पुन्हा त्या मळ्यावर. साफसफाई झाली, नवी पेस्ट लावली, कॅबिनेट मोकळं झालं. काच परत बसवून आकडे घेतले, प्रोसेसर ८६, कार्ड ७९. चालण्यासारखे, पण मेच्या दुपारी यापेक्षा खाली आणायला हवे होते. पोराच्या मनात लिक्विड कूलर होता. मोबाइलवर त्याने मॉडेलही काढून ठेवलं होतं, त्यातही दिवे होते. मी नको म्हटलं. पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. त्या कूलरचा रेडिएटर त्याच खोलीत, त्याच ३९ अंशांच्या हवेत बसणार, आणि त्या हवेपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच गार ठेवतात, पण त्या द्रवाने उचललेली उष्णता शेवटी इमारतीबाहेर टाकावीच लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन हजारो रुपये घालायला पहाटेची पंचवटी पकडायची आणि मशीन परत त्याच बंद खोलीत ठेवायचं, यात मला अर्थ दिसला नाही.

त्याऐवजी मी त्याला विचारलं, मॉनिटर किती हर्ट्‌झचा? ७५. गेम किती फ्रेम दाखवतेय? कोपऱ्यात आकडा होता, दोनशेच्या वर. म्हणजे कार्ड सेकंदाला दोनशे चित्रं काढतंय आणि मॉनिटर त्यातली जेमतेम ७५ दाखवू शकतो. बाकीची चित्रं दिसत नाहीत, त्यांची उष्णता मात्र खोलीत येते. कित्येक गेममध्ये तर खेळ सुरू व्हायच्या आधीच्या मेनूच्या पडद्यावर हा आकडा याहून वर जातो, कारण तिथे काढायला काही नसतंच. २०२१ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमची चाचणी सुरू असताना काही जणांची आरटीएक्स ३०९० ही महागडी कार्डं जळाली होती. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने नंतर सोल्डरिंगमधला दोष कबूल केला, पण गेमवाल्यांनीही मेनूतल्या फ्रेमवर मर्यादा घातली.

पोरगा तयार नव्हता. म्हणाला, "दादा, फ्रेम जास्त असल्या का माउस लवकर रिस्पॉन्स देतो." हे खरं आहे. स्पर्धेच्या खेळात तेवढा फरक पडतो, आणि त्याचं म्हणणं मी मोडीत काढलं नाही. पण प्रोसेसर शंभरीला टेकून वेग उतरवतो तेव्हा जो झटका बसतो त्यात तो फायदा धुऊन जातो. शेवटी आमचा तह झाला. मेमध्ये ७५ वर कुलूप, सावल्या आणि प्रतिबिंबं एक पायरी खाली, कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी उतरवलेली. दिवाळीला सगळं परत मोकळं. त्याने त्या प्रोफाइलला नाव दिलं "उन्हाळी", बाजूला दुसरी "रांगडी". आप्पा हसले, त्यांच्या उन्हाळ आणि रांगड्या कांद्याची नावं पोराने गेमला लावली होती. कुलूप घालून पुन्हा गेम चालवली तेव्हा कार्ड ६८ वर थांबलं आणि पंख्यांचा आवाज इतका खाली आला की आजींनी मशीन बंद केलं का म्हणून विचारलं.

खर्च झाला तो नव्या, मोठ्या यूपीएसचा आणि माझ्या मजुरीचा. आप्पांच्या डोक्यातून गेम मात्र गेलेली नाही. अजूनही बाजारात भेटले की म्हणतात, मशीन चांगलं चाललंय, पोरगं बिघडतंय. त्यावर माझ्याकडे थर्मामीटर नाही.

आता माझं एक मागणं आहे. उन्हाळ्यात पीसी दुरुस्तीला आणण्याआधी घरीच एवढं करा : कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढा, बाजूचं झाकण काढून एक खेळ खेळून बघा, मागच्या हवेला हात लावा, आणि हेडफोन काढून ठेवा. त्यातून आणायची वेळ आलीच, तर यूपीएस घरी ठेवून येऊ नका.